कार्डावर लिहिलं होतं, 'चालत राहा'

हे प्रकरण एका रुग्णाचं आहे आणि तितकंच आमच्या विभागाचंही. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विभागात आम्ही पाच छातीरोगतज्ज्ञ, मी त्यांतली एक. ज्यांच्या हातून चुका झाल्या त्यांत माझा नंबर पहिला, म्हणून लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

पार्श्वभूमी

रुग्ण ६३ वर्षांचे गृहस्थ, नोकरीतून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं सिगारेट ओढलेली, ती सोडून सात वर्षं झालेली. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-वन, स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या चाचणीत अपेक्षित आकड्याच्या ३८ टक्के. औषधं अगदी पुस्तकात असतात तशी: श्वासनलिका रुंदावणारी दीर्घकाळ काम करणारी दोन औषधं, जोडीला श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, शिवाय फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी. तरीही ११ महिन्यांत ते दोनदा ॲडमिट झाले.

दुसऱ्या वेळी घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड मीच लिहिलं. औषधांच्या ओळी सविस्तर: मात्रा, वेळा, कोणतं कधी बंद करायचं. अगदी तळाशी 'नियमित चालत राहा, श्वासाचे व्यायाम करा.' ही ओळ मी इतकी वर्षं लिहीत आले आहे की ती लिहिताना मनात दुसराच विचार चालू असतो.

नऊ दिवसांनी ते पत्नीबरोबर ओपीडीत आले. तपासायला शर्ट सैल करा म्हटलं. ते बटणं काढू लागले आणि तिसऱ्या बटणाशी हात थांबला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, खांदे कानांकडे चढले, तोंडाने श्वास सुरू झाला. अर्धं मिनिट तसंच गेलं. मग चौथं बटण. पत्नी मदतीला पुढे झाल्या नाहीत, घाईही केली नाही. एवढा वेळ लागतोच, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

तपासून झाल्यावर त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "डॉक्टर, चालत राहा म्हणजे किती? आणि दम लागला की थांबायचं, की तसंच चालायचं?"

पत्नी म्हणाल्या, "मी तर बाथरूममध्येसुद्धा खुर्ची ठेवलीय. ह्यांना चालवायचं म्हटलं की माझ्याच छातीत धडधडतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते किती अंतर चालू शकतात, चालताना ऑक्सिजन किती उतरतो, कोणत्या वेगाने त्यांना धोका नाही, यातलं काहीच मी मोजलं नव्हतं. "जमेल तेवढं चाला," असं म्हणून मी वेळ मारून नेली. त्यांना जमेल तेवढं म्हणजे पलंग ते बाथरूम, हे त्या क्षणी माझ्या लक्षातही आलं नाही. आलं ते रात्री.

अडचण

आमच्याच इमारतीत दोन मजले खाली फिजिओथेरपी विभाग आहे. तिथल्या एक फिजिओथेरपिस्ट हृदय आणि फुफ्फुसाच्या रुग्णांच्या व्यायामातच मुरलेल्या. ट्रेडमिल आहे, सायकल आहे, वजनं आहेत, पल्स ऑक्सिमीटर आहे. पल्मोनरी रिहॅबिलिटेशन चालवायला याहून फार काही लागत नाही. मी खाली जाऊन त्यांचं रजिस्टर चाळलं. शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे रुग्ण भरपूर होते. आमच्या विभागाने सीओपीडीसाठी पाठवलेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजता आले. मग मी आमची अलीकडची ४० सीओपीडी डिस्चार्ज कार्डं काढली. 'रिहॅब' हा शब्द दोन कार्डांवर होता. 'श्वासाचे व्यायाम' जवळजवळ सगळ्यांवर.

इथे रिहॅब म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी २०१३ मध्ये मिळून केलेल्या व्याख्येत तीन गोष्टी मुख्य आहेत: व्यायामाचं प्रशिक्षण, आजाराचं शिक्षण आणि सवयींमधला बदल. आणि हे सगळं रुग्णाची नीट तपासणी करून, त्याच्या मापाने बेतलेलं. म्हणजे फुगा फुगवणं किंवा नळीतले तीन गोळे वर उचलणं याला रिहॅब म्हणत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली, निदान सहा ते आठ आठवडे चालणारा तो कार्यक्रम असतो आणि त्यातला बराचसा घाम पायांना येतो.

पुढच्या विभागीय बैठकीत मी चौघा सहकाऱ्यांना विचारलं की तुम्ही रिहॅबला का पाठवत नाही. ऐकलं नाही असं कोणीच म्हणालं नाही. चांगलं असतं, असंही सगळे म्हणाले. आपल्या रुग्णांची गोष्ट निघाल्यावर मात्र सूर बदलले. एकाच्या मते एफईव्ही-वन तीसच्या आसपास असलेल्यांना ते झेपत नाही. दुसऱ्याला वाटत होतं की ६० च्या वर असलेल्यांना त्याची गरज नाही. दोघांच्या अटी एकत्र केल्या तर पाठवायला फारच थोडे उरत होते. तिसरी म्हणाली, "घरी ऑक्सिजनवर असलेल्याला ट्रेडमिलवर कसं चढवणार?" आमच्यातला सर्वांत ज्येष्ठ सहकारी शांतपणे म्हणाला, "मी पूर्वी पाठवले होते काही. नंतर स्पायरोमेट्री केली, काडीचा फरक नव्हता."

त्याचं निरीक्षण खरं होतं. रिहॅबने एफईव्ही-वन बदलत नाही. बदलेल अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण आम्ही छातीरोगतज्ज्ञ दिवसभर त्याच आकड्याकडे बघतो, औषधाचा गुण त्याच आकड्यावर मोजतो, आणि मग जो उपचार तो आकडा हलवत नाही तो आमच्या लेखी 'पूरक' होतो. पूरक म्हणजे कार्डाच्या तळाची ओळ.

मग दम कमी होतो तो कसा? सीओपीडीत अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. चालताना श्वासाचा वेग वाढला की हा वेळ आणखी कमी पडतो, प्रत्येक श्वासामागे थोडी हवा आत अडकत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्या भीतीने माणूस बसून राहतो. बसून राहिल्यावर मांडीचे स्नायू आटतात, त्यांतले दीर्घकाळ काम करणारे तंतू कमी होतात. असे पाय चार पावलांतच लॅक्टिक ॲसिड तयार करतात, ते निपटायला शरीर आणखी जोराने श्वास घ्यायला लावतं, आणि छातीत हवा पुन्हा अडकते. पाय तयार केले तर तेवढ्याच चालण्याला लॅक्टिक ॲसिड कमी तयार होतं, श्वास कमी लागतो, हवा कमी अडकते. कसाबुरी आणि सहकाऱ्यांनी सीओपीडीच्या रुग्णांमध्ये हे १९९१ मध्येच मोजून दाखवलं होतं. फुफ्फुस तेच राहतं, त्याच्यावरची मागणी उतरते. ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर स्पायरोमेट्री केली, पण रुग्णाला चालवून पाहिलं नव्हतं.

पुराव्याबद्दल तर आता वाद उरलेला नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ सीओपीडी रुग्ण होते. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी ४४ मीटरने वाढलं. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा फरक सुमारे ३० मीटरचा मानतात. सीओपीडीत 'रिहॅब विरुद्ध नेहमीचे उपचार' अशा आणखी चाचण्या करण्याची गरज नाही, असं त्या आढाव्याच्या लेखकांनीच लिहून टाकलं. वापराचं चित्र मात्र अगदी उलटं. अमेरिकेत २०१४ मध्ये सीओपीडीसाठी ॲडमिट झालेल्या १,९७,३७६ मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) लाभार्थींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घरी गेल्यावर ९० दिवसांच्या आत रिहॅब सुरू केलेले त्यांत होते २,७२१, म्हणजे शंभरात दोघंही नाहीत. वर्षभरात त्यांच्यातले ७.३ टक्के दगावले, बाकीच्यांमध्ये १९.६ टक्के. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. जे रिहॅबला पोहोचतात ते मुळातच जरा धडधाकट असणार, त्यामुळे सगळा फरक रिहॅबचाच म्हणता येणार नाही. तरीही इतका फरक दाखवणारी गोळी असती तर आम्ही ती लिहायची विसरलो असतो का?

पर्याय

बैठकीच्या शेवटी चार सूचना पुढे आल्या.

पहिली, एक व्याख्यान ठेवायचं. खर्च नाही, विरोध नाही, तासाभरात काम संपतं. दुसरी, व्यायामाची चित्रं असलेलं पत्रक छापून प्रत्येक रुग्णाला द्यायचं. तिसरी, वॉर्डात असतानाच फिजिओथेरपिस्टनी रुग्णाला भेटायचं. चौथी माझी: डिस्चार्ज कार्डावर 'रिहॅबसाठी पाठवले' ही ओळ छापूनच ठेवायची. पाठवायचं नसेल तर डॉक्टरने ती खोडायची आणि शेजारी कारण लिहायचं.

पत्रकाची सूचना लवकर बारगळली. आमचा रुग्ण पत्रकाअभावी बसून नव्हता, भीतीने बसून होता, आणि भीती कागदाने जात नाही. चौथ्या सूचनेवर दोघे नाराज झाले. "मी कोणाला काय पाठवावं हे छापील कार्ड सांगणार?" हा आक्षेप मला तेव्हा किरकोळ वाटला होता. तसा तो नव्हता. आपण विचार करून निर्णय घेतो असं मानणाऱ्या माणसाला तो निर्णय आधीच छापून दिलेला आवडत नाही, मग ती गोष्ट त्याने गेल्या वर्षभरात एकदाही केलेली नसली तरी.

तिसऱ्या सूचनेवर मात्र खरी चर्चा झाली. एका सहकारिणीने २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका चाचणीची आठवण दिली. आजार उसळून ॲडमिट झालेल्या ३८९ रुग्णांपैकी निम्म्यांना दाखल असतानाच व्यायाम सुरू केला होता. पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण घटलं नाही आणि वर्षभरातले मृत्यू व्यायामाच्या गटात जास्त निघाले. त्यातला घरचा बराचसा व्यायाम देखरेखीशिवाय होता, त्यामुळे त्या चाचणीचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. पण धोक्याची खूण तर होती. २०१७ च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनीही मधला रस्ता धरला: रुग्णालयात असताना कार्यक्रम सुरू करू नका, घरी गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत सुरू करा. आम्ही तसंच ठरवलं. वॉर्डात फक्त ओळख आणि तारीख, व्यायाम नंतर. तज्ज्ञांचं वाचन कमी पडतं असं मी वर सुचवलं असेल, तर या एका आक्षेपाने माझं स्वतःचं वाचन कुठे थांबलं होतं तेही कळलं.

काय केलं

आणि एवढी चर्चा करून आम्ही निवडलं ते व्याख्यान. सगळ्यांना चालेल असं तेवढंच होतं. मीच दिलं. छान झालं, प्रश्नही आले. पुढच्या दोन आठवड्यांत खाली सात चिठ्ठ्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात एक. त्यानंतर महिनाभर काहीच नाही.

का थांबलं हे समजायला मी एका तरुण सहकाऱ्याच्या ओपीडीत शेजारी बसून राहिले. रुग्णामागे रुग्ण. चिठ्ठी लिहायची तर वेगळा कागद, तो कपाटात. खाली कोणत्या वेळेला पाठवायचं ते त्याला नक्की माहीत नाही. रुग्णाने "तिथे काय करतात?" असं विचारलं तर सांगायला दोन वाक्यं तयार नाहीत. आणि पूर्वी पाठवलेल्यांचं काय झालं हे वर कधी कळलेलं नाही. त्याने रिहॅब कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. तसं पाहिलं तर मीही नव्हतं. प्रशिक्षणाच्या वर्षांत आम्ही ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासण्या, शेकडो केल्या, रिहॅबच्या एका सत्राला शेवटपर्यंत कोणी थांबलो नाही.

मग गाडी छापील ओळीवर आली. कार्ड बदललं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा वॉर्डात येऊन घरी जाणाऱ्यांना भेटू लागल्या आणि भेटीची तारीख तिथेच देऊ लागल्या. पाचही डॉक्टरांनी खाली जाऊन एक सत्र पूर्ण बघायचं ठरलं. कार्यक्रम संपला की आधीचे आणि नंतरचे आकडे एका पानावर लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरकडे परत यायचे. यात नवं ज्ञान काहीच नव्हतं.

रुग्णाचं पुढे काय झालं

बटणांशी थांबणारे ते गृहस्थ या सगळ्याच्या आधीच, दुसऱ्या आठवड्यात खाली गेले होते. मी स्वतः सोबत गेले, थोडं अपराधी वाटून आणि थोडं कुतूहलाने.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ रस्ता लागतो. कॉरिडॉरमध्ये फरशीवर दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. नियम साधा: सहा मिनिटांत जितकं चालवेल तितकं चालायचं, थांबावंसं वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. ते दोनदा थांबले, भिंतीला पाठ टेकून. अंतर भरलं २४० मीटर. ऑक्सिजन बसलेला असताना ९४ होता, चालताना ८६ वर आला. दम किती हे त्यांनी शून्य ते दहाच्या बोर्ग मापावर सांगितलं: सात. अर्ध्या तासाने पुन्हा तीच चाचणी, कारण पहिल्यांदा माणूस बिचकत चालतो आणि दुसऱ्यांदा थोडं जास्त चालतो. या वेळी २५५ मीटर.

मग फिजिओथेरपिस्टनी कागदावर एक छोटं गणित मांडलं. मी ते इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. २५५ भागिले सहा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ मीटर. त्याचे ८० टक्के, ३४ मीटर. सुरुवात या वेगाने. दोन मिनिटं चाल, एक मिनिट विसावा. असा खंड ठेवल्यावर ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला नाही, त्यामुळे सत्रात सिलिंडर लावायची वेळ आली नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "दम चारच्या खाली असेल तर पाय उचला. सहाच्या वर गेला तर थांबा. मधे असाल तेव्हा दम लागणारच. तो लागायलाच हवा, त्याला घाबरायचं नाही."

माझ्या ओपीडीत विचारलेला तोच प्रश्न, त्याचं हे उत्तर. पत्नी ते आकडे कार्डाच्या मागे लिहून घेत होत्या.

त्याच दिवशी मला आणखी एक चपराक बसली. फिजिओथेरपिस्टनी इनहेलर घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांचं इनहेलर पावडरचं, ते जोरात आणि खोल ओढावं लागतं, तरच पावडर सुटून खालपर्यंत जाते. ते मात्र स्प्रेच्या पंपासारखं हळुवार ओढत होते, कारण पूर्वी कधीतरी पंप होता आणि तेव्हा कोणीतरी 'हळू ओढा' असं शिकवलं होतं. तीन वर्षं मी प्रत्येक भेटीत "इनहेलर घेताय ना?" असं विचारत होते आणि ते खरं तेच सांगत होते, "हो."

आठ आठवड्यांत १६ सत्रं ठरली होती. चालण्याबरोबर खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायांना वजनं, हातांसाठी हलकी वजनं. हात वर उचलून काम करताना श्वासाला मदत करणारे खांद्याचे आणि छातीचे स्नायू दुसरीकडे गुंततात, म्हणून या रुग्णांना केस विंचरतानाही धाप लागते. बटणांचा अर्थ मला तिथे लागला. ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवलं, त्याने नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडायला अवधी मिळतो. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढायची, अशा बारीकसारीक गोष्टी वेगळ्या.

तिसऱ्या आठवड्यात सर्दी झाली, कफ वाढला आणि ते दोन सत्रं आले नाहीत. इथे प्रकरण सहज संपलं असतं. खालच्या विभागात दोनदा न आलेल्याचं नाव काढून जागा दुसऱ्याला द्यायची रीत होती, आणि आम्हाला वर काहीच कळलं नसतं. फिजिओथेरपिस्टनी फोन केला. पत्नींनी सांगितलं, "आता नको म्हणतायत. व्यायामामुळेच वाढलं असं वाटतंय." मी त्याच दिवशी बोलावून तपासलं, औषधांचा छोटा कोर्स दिला आणि सांगितलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करायचं, आधीच्या निम्म्यावर. ते आले. माझ्या समजुतीने या संपूर्ण प्रकरणात तज्ज्ञाच्या शब्दाला वजन होतं ते याच जागी. फिजिओथेरपिस्ट तेच सांगत होत्या, पण 'तुमच्या फुफ्फुसाला याने इजा होत नाही' हे रुग्णाला फुफ्फुसाच्या डॉक्टरकडूनच ऐकायचं होतं.

१६ पैकी १३ सत्रं झाली. शेवटी अंतर ३१२ मीटर, एकदाही न थांबता. म्हणजे आधीच्या चांगल्या आकड्यापेक्षा ५७ मीटर जास्त. लक्षणांचा कॅट गुण, ज्यात ४० पैकी जितके कमी तितकं बरं आणि दोन गुणांचा फरकही अर्थपूर्ण धरतात, २७ वरून १९ झाला. एफईव्ही-वन ३८ वरून ३७. ते पान मी ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवलं. त्याने आधी शेवटचा आकडा वाचला. "एकाने कमीच झालाय की," म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो. मग त्याने वरचे आकडे वाचले.

पुढच्या वर्षभरात ते एकदा ॲडमिट झाले, आधी दोनदा झाले होते. एका माणसावरून यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय इनहेलर नीट घेतल्याचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हेही वेगळं काढता येणार नाही. आणि दहा महिन्यांनी चाचणी केली तेव्हा अंतर २८१ वर उतरलेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर घरी व्यायाम हळूहळू सुटला. रिहॅबचा फायदा पुढे चालू न ठेवल्यास सहा-बारा महिन्यांत ओसरू लागतो हे माहीत असलेलं आहे. आम्ही पुढची सोय केली नव्हती, एवढंच.

विभागात काय बदललं

छापील ओळ आल्यावर चिठ्ठ्या वाढल्या. बहुतेक कार्डांवरची ओळ कोणी खोडत नाही. पण पाठवलेल्यांपैकी जेमतेम निम्मे पहिल्या तपासणीला येतात आणि त्यातलेही सगळे शेवटपर्यंत टिकत नाहीत. डॉक्टरांना जाग आली की काम झालं, हा माझा समज इथे गळाला. ज्यांना दम लागल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही त्यांना आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडा असं सांगणारा हा उपचार आहे. सोबतीला कोणी नसतं, कोणाला अंतर लांब पडतं, कोणाला चार लोकांत धापा टाकायची लाज वाटते.

अनपेक्षित फायदा झाला तो खोडलेल्या ओळींशेजारच्या कारणांचा. ती वाचता येतात. 'नुकताच हृदयविकाराचा झटका' हे कारण बरोबर. 'गुडघा फार दुखतो' यावर खाली बसून करायचे व्यायाम आहेत, तसं कळवता येतं. 'ऑक्सिजनवर आहे' हे कारण नाहीच, ऑक्सिजन लावून व्यायाम घेता येतो. 'एफईव्ही-वन ६५ टक्के' यावर आम्ही पुन्हा बोललो, कारण रिहॅब आकड्यावरून ठरत नाही. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणारा रुग्ण, त्याचा आकडा काही का असेना, त्याला पाठवायला हवं. फुफ्फुसं घट्ट होण्याच्या, म्हणजे आयएलडीच्या रुग्णांसाठीही २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत रिहॅबची ठाम शिफारस आहे. आमच्या कार्डावर ती ओळ पहिले चार महिने फक्त सीओपीडीसाठी होती.

वेगळं काय करता आलं असतं

व्याख्यानाने सुरुवात करायला नको होती. त्यात दोन महिने गेले आणि 'आपण हे करून पाहिलं, चाललं नाही' असं म्हणायला एक आधार तयार झाला. आधी सत्र बघायला नेलं असतं तर अर्धे आक्षेप तिथेच विरले असते. ऑक्सिजनवरच्या माणसाला ट्रेडमिलवर कसं चढवणार असं विचारणारी सहकारीण खाली जाऊन आली आणि त्या संध्याकाळी तिने तिघांना पाठवलं.

रुग्णाच्या बाबतीत पहिल्या डिस्चार्जलाच पाठवायला हवं होतं. ११ महिने वाया गेले. ते माझ्या एका ओळीमुळे गेले असं मी म्हणते तेव्हा सहकारी म्हणतात, स्वतःला इतकं बोल लावू नकोस. पण कार्ड माझ्या अक्षरातलं आहे.

कार्यक्रम संपण्याच्या दिवशीच पुढची आखणी हवी होती: महिन्यातून एकदा तरी येणं, घरी आठवड्याला किती वेळा आणि कोणत्या वेगाने चालायचं ते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. आता पाचव्या-सहाव्या आठवड्यातच ते सुरू करतो. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी फोन आणि व्हिडिओवरून घरच्या घरी देखरेखीचा कार्यक्रम हाच पुढचा टप्पा. २०२३ च्या सूचनांनी केंद्रात येणं किंवा टेलि-रिहॅब, दोन्हींपैकी निवड रुग्णापुढे ठेवायला सांगितलं आहे. तिथेही पहिली चाचणी प्रत्यक्षच घ्यायची, असं आम्ही ठरवलं आहे, म्हणजे निदान एकदा त्या दोन पट्ट्यांमधून प्रत्येकाने चालायचं.

ज्येष्ठ सहकारी अजूनही आमच्यापेक्षा जास्त ओळी खोडतो. शेजारी कारण बहुतेक वेळा तेच असतं, 'झेपणार नाही'. अलीकडे मात्र त्या शब्दांखाली सहा मिनिटांच्या चाचणीचं अंतर लिहिलेलं असतं.